कलम अकरा

सकाळी नऊला मी बिल्ला लावला: दुभाषी.
तेव्हापासून माझ्या तोंडातला 'मी' माझा नव्हता.

फ्रेझ्नो, चौथा मजला. दोन खोल्या, मधे लांब बोळ,
त्यात ये-जा करणारे निवृत्त न्यायाधीश हागोपियन,
पायात रबरी तळव्यांचे बूट,
त्यामुळे आकडा थेट दारात उभा राही,
चाहूल न देता.

एका खोलीत ओतिलिया, तिची वकील पा न्हिया, आणि मी.
दुसरीत लाँड्रीचे मालक सिल्वेरा, त्यांचे दोन वकील
आणि, वासावरून, गरम सँडविचेस.

ओतिलियाचा पुरावा म्हणजे
खाटकाच्या दुकानातली फुकट कॅलेंडरं, चार वर्षांची.
प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने दोन वेळा:
शिरले. निघाले.
इस्त्रीचे रूळ तापायला पंचवीस मिनिटं लागत,
आणि कार्ड टोचायचं ते रूळ तापल्यावरच.
"म्हणजे बॉयलर मी पेटवायचे,
पण तेव्हा मी अजून आलेली नसायचे,"
ती म्हणाली.
मी म्हणाले: मी अजून आलेली नसायचे.

इस्पितळाच्या चादरी रात्री साडेअकराला संपत.
कागदावर ती साडेआठलाच घरी गेलेली असे,
जेवून, भांडी घासून, झोपलेली.

"त्यांना मनापासून वाईट वाटतंय," हागोपियन म्हणाले.
"वाटण्याचे किती धरलेत?"
मी तोच सूर लावून विचारलं, माझं कामच ते.
त्यांनी पॅडवर काही लिहिलं नाही.

पा न्हिया समजावत होती:
खटला उभा राहायला चौदा महिने,
तोवर कंपनीचं नाव बदलेल, पाटी बदलेल,
निकाल हातात आणि पैसे कुठे, अशी गत.
ओतिलिया ऐकायची, मग मोजायची,
आणि मोजायला ती स्पॅनिशमधून उठून
आपल्या डोंगरातल्या मिश्तेकमध्ये जायची,
तिथवर माझा पास चालत नाही.
ओठ हलायचे. मी गप्प.
दिवसभरात तेवढंच तिचं तिच्यापाशी राहिलं.

चारला तडजोड झाली.
आकडा सांगणार नाही, कलम सात.
"नवऱ्याला सांगू?"
"चालेल."
"बहिणीला?"
"नाही."
"तिला नवऱ्याच्या आधी कळतं."
कलम चार: सिल्वेरा यांनी कोणतीही चूक मान्य केलेली नाही.
ते तिने मला दोनदा वाचायला लावलं,
दुसऱ्यांदा हळू.

पेन हातात घेतलं आणि थांबली.
"माझं स्टूल."

दिराने पॅलेटच्या फळ्यांचं केलेलं,
एका पायाला टायरचा तुकडा,
तीन नंबरच्या ड्रायरमागे. राहून गेलं होतं.
हागोपियन गेले.
हजारांच्या फेऱ्या दहा मिनिटांत व्हायच्या,
स्टुलाला पाऊण तास लागला.

स्टूल आहे. पण त्यावर आता कुणीतरी बसतं,
घड्या घालणारी नवी मुलगी, दिवस गेलेत तिला,
नाव सांगता येत नाही.
मालक चाळीस डॉलर द्यायला तयार आहेत.

ओतिलियाचे ओठ हलले.
मोजत होती की काय, मला माहीत नाही.
मग स्पॅनिशमध्ये: "राहू दे. पण लिहा."

पहिला मसुदा: स्टूल तिथे राहील
आणि बसलेलीला कुणी उठवणार नाही.
पलीकडच्यांनी दुसरी ओळ खोडली.
पा न्हियाने घातली. त्यांनी खोडली.
शेवटी कलम अकरा, तीन शब्द:
स्टूल तिथेच राहील.
तिने सही केली, पूर्ण नाव, दोन्ही आडनावं.

लिफ्टमध्ये मी माझा तक्ता भरत होते.
नऊ ते पाच-पन्नास, वजा जेवणाची सुट्टी अर्धा तास.
ती माझ्या खांद्यावरून वाकली, बोट ठेवलं:

"जेवताना तू माझ्यासाठी बोलत होतीस ना?
मग ही वजा कुणी केली?"